माहेरी जाण्याआधी

मराठवाड्यातल्या औसा तालुक्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. याला अपवाद आहेत, पण ते अपवादच. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने घालून फोटो काढले जातात आणि मग चांगला वार बघून माहेरचं माणूस लेकीला न्यायला येतं. माहेर कधी तालुक्यातलंच असतं, लामजन्याचं, मातोळ्याचं, उजनीचं. कधी निलंग्याचं, उमरग्याचं, उदगीरचं. तिथे दिवस भरेपर्यंत राहायचं, बाळंतपण व्हायचं, मग सव्वा महिना. कुठे तीन महिने, कुठे पाच महिने झाल्यावरच बाळंतीण बाळाला घेऊन सासरी परत येते.

म्हणजे दोन माणसांच्या संसारातली सर्वांत मोठी उलथापालथ होते, तेव्हा ती दोघं एका छपराखाली नसतातच.

पहिल्यांदा आईबाप होणाऱ्या जोडप्यानं मनाची तयारी कशी करावी, यावर हल्ली भरपूर लिहिलं जातं. पुण्या-मुंबईत त्याचे वर्गही चालतात. पण त्या सगळ्या सल्ल्यांमागचं घर ठरलेलं असतं: दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात नवरा-बायको दोघंच, रात्री बाळ रडलं की उठायचं कुणी हा प्रश्न. औशाच्या जोडप्याला हा प्रश्न पहिले कित्येक महिने पडतच नाही. बाळासाठी उठायला आजी असते, मावशी असते, आणि बाप पन्नास किलोमीटरवर झोपलेला असतो. म्हणून इथल्या जोडप्याची तयारी वेगळी असायला हवी, आणि ती वेगळ्या वेळी व्हायला हवी. पोटातलं बाळ सात महिन्यांचं होण्याआधी.

माहेरची रीत औशात जातीधर्मापलीकडची आहे. मुसलमान घरांतही पहिल्या बाळंतपणाला मुलगी आईकडेच जाते. चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात, सातव्या दिवशी अकीका करतात. लिंगायत घरांत बाळाला लिंगधारण होतं. इतर घरांत पाचवी पुजतात, सटवाई त्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, बाराव्या दिवशी बारसं होतं. विधी निराळे, पण त्या सगळ्यांच्या मागे बाईला आईच्या हाताखाली विश्रांती द्यायची हा एकच शहाणपणा आहे.

त्या शहाणपणाला नावं ठेवण्याचं कारण नाही. बाळंतिणीची खोली आठवून बघावी. खिडकीला जाड पडदा, बाज, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि शेपा टाकून केलेली धुरी. (शेक हवा असेल तर घ्यावा, पण धूर बाळाच्या छातीला बरा नाही, हे आता डॉक्टर आणि आशाताई दोघंही सांगतात.) कोपऱ्यात जुन्या सुती लुगड्याची फाडून, धुऊन, घडी करून ठेवलेली दुपटी. डब्यात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. अंगाला तेल लावायला येणारी बाई, तिच्या हाताला असलेला तो जोर, आणि बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन घातलेली अंघोळ. बाळंतिणीच्या डोक्याला फडकं बांधलेलं, कानांत कापूस. तिला चुलीपुढे जायचं नाही, पाणी भरायचं नाही, सासऱ्यांपुढे पदर सावरायचा नाही. ती दुपारी झोपू शकते. सासरी पहिल्या दिवसापासून भाकरी थापायला उभं राहावं लागलं असतं, अशा किती तरी बायकांना या सव्वा महिन्यानं वाचवलं आहे. रीत आहे ती राहू द्यावी.

पण त्या खोलीत बाप कुठे असतो?

तो दारात असतो. पाहुणा म्हणून आलेला असतो. सासुरवाडीत जावयानं बाळंतिणीच्या खोलीत फार वेळ बसणं बरं दिसत नाही. बाळ त्याच्या हातात दिलंच तर क्षणभर, फोटोपुरतं, आणि दिल्यावर चार जणी एकदम म्हणतात, “मान धरा, मान धरा.” मग चहा होतो, जेवण होतं आणि तो गाडीला किक मारून परत निघतो. गावात पोचल्यावर लोक विचारतात, पेढे की बर्फी? त्याला कसं वाटतंय, हे कुणी विचारत नाही. त्यालाही ते सांगता येणार नाही. “त्यात आपलं काय काम?” हे वाक्य मराठवाड्यातल्या पुरुषाला इतक्या लहानपणी शिकवलेलं असतं की तो ते स्वतःचंच मत समजतो.

त्यातून आता आणखी एक अंतर वाढलं आहे. औशाची पोरं चाकणला, हडपसरला, पिंपरीला कामाला आहेत. त्यांच्यासाठी सासुरवाडी म्हणजे रात्रभराचा बसचा प्रवास. सरकारी नोकरांत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला मात्र अशी रजा मिळालीच पाहिजे, असा कायदा देशात नाही. बाईसाठी २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली गेली. बापाचा विचार त्या दुरुस्तीत झाला नाही. गावात राहिलेल्या शेतकऱ्याला तर रजा हा शब्दच लागू नाही. बाळंतपण सोयाबीनच्या काढणीत आलं तर मळणीयंत्राची पाळी सोडून तो कसा जाणार?

हे सगळं गोड मानून घेता आलं असतं, जर बाईच्या मनाची काळजी एकट्या माहेरानं निभावली असती. ती निभावत नाही, हे दाखवणारा एक पुरावा मराठी माणसाच्या शेजारचाच आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या २७० गरोदर बायकांशी बोलून एक अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांनी त्याच बायकांना पुन्हा गाठलं. त्यांतल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. नुसता थकवा नव्हे, उपचार लागावेत असं नैराश्य. सहा महिन्यांनंतरही त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक बायका त्यातून बाहेर आल्या नव्हत्या.

आकड्याहून महत्त्वाचं आहे ते पुढचं. या आजारी बायकांतल्या बहुतेकींची मनःस्थिती गरोदरपणातच बिघडलेली होती. म्हणजे दुखणं बाळंतपणानंतर जन्माला आलं नव्हतं, ते आधीपासून घरात होतं आणि ते कुणी विचारलं नव्हतं. कारणांत दोन गोष्टी ठळक निघाल्या: पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी असलेलं बिनसलेलं नातं. तिसरी गोष्ट मराठवाड्यानं कान देऊन ऐकावी अशी. ज्या घरात आधीच मारहाण होती किंवा खाण्याची आबाळ होती, तिथे मुलगी झाल्यावर बाईच्या मनावरचा भार आणखी वाढत होता.

भारतभरातल्या ३८ अभ्यासांची, २० हजारांवर मातांची गोळाबेरीज २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली. तीही तिथेच येऊन थांबते: सुमारे २२ टक्के. पाच बाळंतिणींमागे एक. औशाच्या कुठल्याही गल्लीत पाच पाळणे मोजून बघावेत.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं, चिडचिड होणं, हे वेगळं. गरोदरपणात चढलेली संप्रेरकं एकदम उतरतात, दूध उतरत असतं, टाके दुखत असतात, झोप झालेली नसते. ते रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्या वेळी जवळच्यांनी धीर देणं पुरतं. दोन आठवडे उलटले आणि बाई अजून भिंतीकडे तोंड करून पडून आहे, बाळाला घ्यायला हात पुढे करत नाही, किंवा उलट बाळाला काही होईल म्हणून रात्रभर डोळा मिटत नाही, तर ते बाळंतरोगाचं किंवा नजर लागल्याचं लक्षण म्हणून सोडून देऊ नये. ब्रिटनमध्ये १९८७ साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली आज जगभर वापरतात. तिच्यात फक्त दहा प्रश्न आहेत आणि ते सगळे गेल्या सात दिवसांबद्दल. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटते का, काही चुकलं की स्वतःलाच दोष देता का, कारण नसताना भीती वाटते का, झोप लागत नाही इतकं दुःख होतं का. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे. यातला एकही प्रश्न असा नाही, की जो नवऱ्याला बायकोला फोनवर, साध्या भाषेत विचारता येणार नाही.

पण विचारायची सवय आधी लागलेली असावी लागते. “जेवलीस का?”, “बाळ काय करतंय?”, “दवाखान्यात काय म्हणाले?” या तीन प्रश्नांवर ज्यांचा फोन संपतो, त्यांना बाळंतपणानंतर अचानक चौथा प्रश्न सुचत नाही.

पुरुषाच्या मनाचंही तसंच. २०१० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष छापून आला. बायकोच्या गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात दहा बापांमागे एकाला नैराश्य आढळलं, आणि बायको नैराश्यात असेल तिथे नवराही असण्याचा संभव वाढत होता. औशात ते नैराश्य म्हणून ओळखलं जाणार नाही. पोरगा उशिरा घरी यायला लागला, प्यायला लागला, चिडका झाला, एवढंच लोक बोलतील. कर्ज, पाऊस, बाजारातला सोयाबीनचा भाव, आणि आता एक खाणारं तोंड. ही भीती तो आईजवळ बोलत नाही, बायकोजवळ तर नाहीच, कारण ती ‘त्या अवस्थेत’ आहे.

दुसरीकडे, बापाला बाळाजवळ जाऊ दिलं तर त्याचं शरीरसुद्धा बदलतं. फिलिपिन्समधल्या सेबू इथे सहाशेवर तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा झाला. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. बाप झालेल्यांच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं होतं, आणि जे रोज तीन तासांहून अधिक वेळ मुलाचं करत होते त्यांचं ते आणखी कमी होतं. ‘आईचं काळीज’ जसं हातांनी बाळाला सांभाळता सांभाळता घडतं, तसंच बापाचंही. कमी वजनाच्या बाळाला छातीशी उघड्या अंगानं धरायची कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. ती आपल्याकडच्या सरकारी नवजात कक्षांतही वापरतात आणि ती बापालाही जमते. फक्त सासुरवाडीत, चार बायकांसमोर, शर्टाची बटणं काढून बाळ छातीशी धरायला त्याला कुणी तरी आधी सांगितलेलं असावं लागतं की यात लाजण्यासारखं काही नाही.

कॅलिफोर्नियातल्या फिलिप आणि कॅरोलिन कोवन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी गोष्ट करून पाहिली. पहिलटकर जोडप्यांचे छोटे गट केले. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळाचे पहिले तीन महिने, दर आठवड्याला ती जोडपी एकत्र बसत आणि बोलत. शिकवणं असं फार नव्हतंच. आपल्या घरात आपल्याला कसं वाढवलं, त्यातलं काय घ्यायचं, काय टाकायचं, कामं कशी वाटायची, भांडण झालं तर मिटवायचं कसं, इतकंच. मूल झाल्यावर नवरा-बायकोतली नाराजी वाढते, हे त्यांनाही दिसलं होतं. गटात बसलेल्या जोडप्यांत ती तितकी वाढली नाही.

औशात असा गट कोण घेणार, असं वाटेल. पण जोडपी एकत्र येण्याची जागा इथे आधीच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे. त्या दिवशी आत बायका रांगेत असतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटावरची तपासणी. बाहेर मोटारसायकलींवर त्यांना घेऊन आलेले नवरे मोबाईल बघत बसलेले असतात. त्या नवऱ्यांना आत बोलावून अर्धा तास बसवायला नवी योजना लागत नाही, इमारत लागत नाही. एक डॉक्टर किंवा एक अनुभवी नर्स आणि चार खुर्च्या लागतात. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेनं नैराश्यातल्या गरोदर बायकांसाठी गावातल्याच बायकांना तयार करून ‘सखी’ म्हणून घरोघरी पाठवलं, आणि डॉक्टर नसलेली माणसंही हे काम करू शकतात हे दाखवलं.

अशा कामाची परंपरा या भागाला नवी नाही. औशापासून फार लांब नसलेल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावच्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं. आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांच्या मुळाशी गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम आहे. ३९ गावांतल्या त्यांच्या प्रयोगानं नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी केले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते जगापुढे मांडलं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. हे सहा दिवस बापानं कॅलेंडरवर लिहून घ्यावेत. सगळ्या दिवशी जाता येणार नाही. निदान दोनदा, आशाताई येते त्याच वेळी, त्यानं तिथे असावं. बाळाचं वजन त्याच्यासमोर व्हावं, ताप कसा मोजायचा, श्वास कसे मोजायचे, हे त्यालाही दाखवलं जावं. आशाताईसमोर बसलेल्या बापाला त्या खोलीतून उठवायची हिंमत कुणी करत नाही.

हे सगळं बोलायला औसा तालुक्याला स्वतःचं आणखी एक कारण आहे. किल्लारी याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये, नव्या वसाहतींत जी मुलं जन्मली, ती आज तिशीत आहेत आणि त्यांतली कित्येक आत्ता आईबाप होत आहेत. त्यांना ज्यांनी वाढवलं त्यांच्या मनात काय होतं? भूकंपानंतरच्या एका छोट्या पाहणीत वाचलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिकांना मानसिक आजार आढळला होता. त्या पिढीनं घरं पुन्हा बांधली, शेती उभी केली, लेकरं शिकवली, आणि दुःखाबद्दल बोलायचं बहुतेक टाळलं. तेव्हा ते कदाचित गरजेचं असेल. पण न बोलण्याची सवय घराघरांत उरली. ती पुढच्या पिढीच्या पाळण्यापर्यंत न्यायची की नाही, हे आजच्या जोडप्यांच्या हातात आहे.

मग सातव्या महिन्याआधी नेमकं काय बोलायचं? सर्वांत आधी मुलगा-मुलगीचं. दोघांनी एकमेकांना, आणि नवऱ्यानं स्वतःच्या आईबापांना, ओटीभरणाआधीच स्पष्ट सांगून ठेवायचं: काहीही झालं तरी पेढेच वाटणार, त्याच दिवशी वाटणार. दवाखान्याबाहेर मुलगी झाल्यावर पडणारे चेहरे बाळंतीण जन्मभर विसरत नाही.

दुसरं, निर्णयाचं. महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण शस्त्रक्रियेनं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. मध्यरात्री डॉक्टर ‘सिझर करावं लागेल’ म्हणाले की सासऱ्यानं जावयाला फोन लावायचा, जावयानं आपल्या वडिलांना, आणि तेवढ्यात वेळ जायचा, हे टाळता येतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्यानं पुरेशी आहे. तिनं काय ठरवावं, हे दोघांनी आधी बोललेलं असलं तर ती त्या घटकेला एकटी पडत नाही. खर्चही तेव्हाच बोलावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, ने-आण मोफत आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये पात्र आईच्या खात्यात येतात. खाजगीत जायचं तर पैसे कुणाचे, माहेरचे की सासरचे, हा वाद बाळंतिणीच्या उशाशी होऊ नये.

सोबतीचंही बोलावं. कळा सुरू असताना बाईजवळ तिच्या विश्वासाचं माणूस असावं, याला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ साली सरकारी दवाखान्यांत मान्यता दिली. मुख्यतः ते माणूस बाळंतपण अनुभवलेली बाई असावी असं म्हटलं आहे, आणि आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही मुभा आहे. तिला कोण हवं, हे तिला विचारावं. काहींना नवरा हवा असतो, काहींना नकोच असतो. दोन्ही ठीक.

आणि शेवटी, जे सांगायला सर्वांत अवघड, ते भीतीचं. तिची भीती कळांची, मरणाची, बाळाला काही होण्याची. त्याची भीती पैशाची, आणि आपल्याला बाप होता येईल का याची. या दोन्ही भीती एकमेकांना एकदा तरी मोठ्यानं सांगितलेल्या असाव्यात. गर्भसंस्काराची पुस्तकं आईनं आनंदी राहावं म्हणून सांगतात. त्यानं कित्येकींना आपल्या साध्या रडण्याचाही अपराध वाटायला लागतो. गरोदर बाईला रडण्याची मुभा असावी, आणि ते नवऱ्यापुढे रडता यावं.

दिवाळीला कित्येक लेकी पोटातल्या बाळासह माहेरी येतात, आणि पाडव्याला जावई येतात. आईवडिलांना एवढीच विनंती: बाळ झालं की जावयाला बारशाचं आमंत्रण पाठवून थांबू नका. त्याला आधी बोलवा, मुक्कामाला ठेवा, दुपटी बदलायला लावा, बाळ त्याच्याजवळ देऊन खोलीतून थोडा वेळ बाहेर या. आणि कुणाचंही मन दोन आठवड्यांत सावरलं नाही, तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि पैसे पडत नाहीत.